होआचे दात, वेनलुंगचे हात

हातमोजा असण्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती माझ्यात शिरलेल्या एका हाताची. मित्रांनो, आज मी त्या हाताची गोष्ट सांगणार आहे, आणि सांगताना कुणाची भीड ठेवणार नाही. जाड चामड्याला भीड नसते.

मी जुना आहे, उजवा आहे आणि म्हशीच्या कातड्याचा आहे. समुद्रापलीकडच्या मोठ्या बेटावर एका बाईने मला शिवले. दुहेरी दोऱ्याची शिवण, आतून सुती अस्तर आणि कोपराकडे चढणारी लांब बाही. माझ्यासोबत एक डावा होता. आम्हा दोघांना सुतळीने बांधून पंगहूच्या या लहानशा बेटावर पाठवले, आणि बंदरावरच्या दुकानातून वेनलुंगच्या वडिलांनी आम्हाला घेतले.

ते बोटींचे लोखंडकाम करायचे. गंजलेले नांगर, तुटलेल्या कड्या, वाकलेले कठडे, सगळे त्यांच्याकडे यायचे. जोडकाम चालू असले, की ठिणग्या माझ्या पाठीवर येऊन पडायच्या आणि तिथेच विझायच्या. आतला हात शाबूत राहायचा. काम संपले, की ते आम्हाला झटकून सावलीत टांगायचे आणि अधूनमधून तेल चोळायचे. “बायकोपेक्षा यांची काळजी जास्त घेतो मी,” असे ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मग त्यांची बायको आतून ओरडायची, “मग आज रात्रीचं जेवण त्यांनाच करायला सांगा!” नात झाल्यापासून या बाईला सगळे आमा म्हणतात. आमाची जीभ माझ्या चामड्याहून जाड आहे. मला ती आवडते.

डावा एकदा धक्क्यावरून पाण्यात पडला, तो गेलाच. पुढे म्हातारेही गेले. आमाने मला टाकून दिले नाही. पुढच्या खोलीत, दाराजवळ एक खिळा होता, त्यावर मला अडकवले. तिथे मी नुसता लोंबत राहिलो. माझ्या बोटांत धूळ साचली, एका कोळ्याने अंगठ्यात संसार थाटला. काम करून झिजणे मला ठाऊक होते, पण काम नसताना कुजणे मी तिथे शिकलो.

आता वेनलुंगबद्दल. त्याने बापाचे काम घेतले नाही. उन्हाळ्यात पर्यटक येतात, त्यांना तो स्कूटर भाड्याने देतो आणि बिघडली तर दुरुस्त करतो. स्कूटरच्या बाबतीत त्याचा हात बरा आहे, तेवढे मी मान्य करतो. पण वाऱ्याचा मोसम लागला, की पर्यटक पळतात, स्कूटरी ताडपत्रीखाली जातात, आणि वेनलुंगपाशी चालवायला एक जीभच उरते. मग दुपारपासून मित्र जमतात. बिअरच्या बाटल्या, भाजलेले शेंगदाणे आणि फुशारक्या. त्यांतला मुख्य फुशारकीबाज म्हणजे आकाउ, लांब दोरीला गळ लावून मासे धरणारा. आकाउ म्हणजे माकड. गावाने त्याला हे नाव ठेवले आहे. माकडांनी अजून तक्रार केलेली नाही, हे माकडांचे मोठे मन.

अशाच एका वाऱ्याच्या दुपारी आकाउने जॅकेटमधून एक पिल्लू काढून टेबलावर ठेवले. काळे, मुठीएवढ्या डोक्याचे, थरथरणारे. बर्फाच्या कारखान्यामागे एक कुत्री व्याली होती, तिथून त्याने ते उचलून आणले होते.

वेनलुंगची बायको श्यूमेइ शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच परतली होती. तिने पिल्लाच्या तोंडाकडे पाहिले.

“अरे, हे अजून अंगावर पितंय. आईपाशी सोडून या त्याला.”

“वहिनी, लहानपणी आणलं की लवकर माणसाळतं,” आकाउ म्हणाला.

“तुला कितव्या वर्षी आणलं होतं?” आतून आमाने विचारले.

सगळे हसले. पिल्लू मात्र राहिले. वेनलुंगने त्याचे नाव ठेवले होआ, म्हणजे वाघाचा बच्चा. पेइयुनने, त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, आपला जुना स्वेटर त्याला अंथरायला दिला. त्या घरात त्या दिवशी शहाणपणाचे एवढेच एक काम झाले.

आणि मग वेनलुंगची नजर माझ्यावर पडली.

त्याने मला खिळ्यावरून काढले, धूळ झटकली आणि हात आत घातला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, क्षणभर मला वाटले, की पुन्हा काम आले. आता लोखंड असेल, आग असेल. पण त्याने मला त्या पिल्लाच्या नाकापुढे नाचवायला सुरुवात केली. बोटांनी त्याला टोचले, पाठीवर पाडले, पोटावर चिमटे काढले. पिल्लू आधी घाबरले, मग चिडले, मग माझ्या करंगळीला लोंबकळले. सुईसारखे बारीक दात. मला काय होणार? मी ठिणग्या झेललेला.

“बघा! बघा! सोडतच नाही लेकाचा!” वेनलुंग ओरडला.

“वाघ आहे, वाघ!” आकाउने टेबल बडवले.

जितके जोरात चावे, तितकी वाहवा मोठी. चावणे सुटले, की वेनलुंग त्याला पुन्हा डिवचायचा. रोज हाच खेळ. तो त्याने फोनवर टिपला आणि जगाला दाखवला. जगाने हसरे चेहरे पाठवले. तुम्हीही पाठवले असते, मित्रांनो, उगाच भोळे चेहरे करू नका. लहान जीव चिडून धावून येतो, हे मोठ्यांना फार गोड वाटते. त्याचे दात दुधाचे असतात, तोवर.

पिल्लू काय शिकले? वाघ होणे नव्हे. ते एवढेच शिकले, की हात ही चावायची वस्तू आहे. मोज्यातला हात वेगळा आणि उघडा हात वेगळा, हा भेद कुत्र्याला कोण सांगणार? वेनलुंगला वाटत होते, की ते त्याला आपोआप कळेल. ज्याला स्वतःला काही आपोआप कळत नाही, त्याची इतरांकडून ही अपेक्षा.

थोड्याच दिवसांत होआ आमाच्या विजारीला लोंबकळू लागला. पेइयुनचे पायमोजे फाटले. श्यूमेइ भांडी उचलायला वाकली, की तो तिच्या मनगटावर झेप घ्यायचा. ती म्हणाली, “वेनलुंग, तो मोजा ठेवून दे. तू त्याला बिघडवतोयस.”

“अगं, खेळतोय तो. दात शिवशिवतायत त्याचे.”

मग एका सकाळी होआने वेनलुंगच्याच उघड्या हाताचा चावा घेतला, रक्त येईल असा. आणि पाहा, काल जो वाघ होता तो आज हरामखोर झाला. वेनलुंगने वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या नाकावर हाणली. होआ टेबलाखाली शिरला. ज्याबद्दल काल टाळ्या मिळाल्या, त्याबद्दलच आज मार. त्या कुत्र्याच्या जागी मी असतो, तर मीही चक्रावलो असतो, आणि माझ्या डोक्यात तर चामडेसुद्धा नाही, नुसती पोकळी आहे.

संध्याकाळी सल्लागार मंडळ बसले. प्रत्येकाच्या आजोबांनी एकेक कुत्रा सरळ केलेला होता. एक म्हणाला, जबडा आवळून धर. दुसरा म्हणाला, मान पकडून जमिनीवर दाब, म्हणजे मालक कोण ते कळतं. आकाउने सर्वांवर कडी केली.

“हाताला तिखट लाव, लेका. एकदा जीभ भाजली की जन्मात चावणार नाही.”

वेनलुंगने लगेच मिरचीची चटणी दोन्ही हातांना चोळली. होआने एकदा हुंगले, शिंकला आणि झोपायला निघून गेला. थोड्या वेळाने वेनलुंगने विसरून स्वतःचा डोळा चोळला. पुढचा अर्धा तास तो नळाखाली डोके धरून केकाटत होता.

“आता कळलं का रे मालक कोण ते?” आमाने विचारले.

पण बाकीचे उपाय त्याने सोडले नाहीत. सकाळी नाकावर फटका, जबडा आवळणे, जमिनीवर दाबणे. आणि संध्याकाळी मित्र आले, की मी हातात, आणि “चल वाघा!” समोरून येणारा हात खेळायला येतोय की मारायला, हे होआला कळेना. विचार करायला वेळ नसला, की कुत्रा दाताने विचार करतो. तो आता गुरगुरू लागला होता. हात नुसता उचलला, तरी त्याचे ओठ वर जायचे.

आणि मग जे व्हायचे ते झाले.

त्या दिवशी पेइयुन शाळेतून आली. बाबा मागे स्कूटरचे चाक काढत होते, आमा आत होती. मी खिळ्यावर होतो आणि सगळे पाहत होतो. तिने स्वेटरची बाही ओढून मुठीवर घेतली, बापासारखी. गुडघ्यावर बसली, बापासारखी. बोटे हलवली आणि बापाच्याच आवाजात म्हणाली, “चल वाघा, ये!”

होआ शेपूट हलवत धावला. हे लक्षात ठेवा, मित्रांनो: तो शेपूट हलवत धावला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. बाही लोकरीची होती, चामड्याची नव्हती.

पेइयुनची किंकाळी ऐकून वेनलुंग हातातला पाना टाकून धावला. तिचा तळहात अंगठ्याखाली फाटला होता. तिला टॉवेलात गुंडाळून तो दवाखान्यात घेऊन गेला. टाके पडले. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता आणि आवाज मोठा.

“उद्या पहाटे आकाउच्या बोटीने जाईल हा. सांगतो त्याला, पलीकडच्या ओसाड बेटावर सोडून येईल. माणसाच्या रक्ताची चटक लागलीये त्याला!”

होआ दाराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. ओसाड बेटावर प्यायला पाणी नाही. हे सर्वांना माहीत होते.

श्यूमेइने मुलीला मांडीवर घेतले होते. ती ओरडली नाही. “चटक कुणी लावली?” तिने विचारले.

“म्हणजे? मी त्याला सांगितलं माझ्या पोरीला चाव म्हणून?”

“रोज सांगितलंस. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.”

“बाबा, त्याला नका सोडू,” पेइयुन रडत म्हणाली. “मी तुमच्यासारखंच केलं होतं. अगदी तुमच्यासारखंच.”

आमा काठी टेकत पुढे आली. तिने माझ्याकडे बोट दाखवले.

“तुझ्या बापाने या मोज्यात हात घालून अख्ख्या गावाचे नांगर जोडले. तू त्याच मोज्याने काय केलंस बघ. पोरीचा हात फाडलास. आणि शिक्षा कुणाला, तर कुत्र्याला.”

मला तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण एकट्या उजव्याला टाळी वाजवता येत नाही.

श्यूमेइने तिथूनच, बोटीने जावे लागते त्या मागुंग शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पेइयुनला थोपटायला हात मोकळा हवा, म्हणून फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होते.

“मारता का त्याला?” बाईंनी विचारले.

“मी नाही. नवरा मारतो.”

“आणि खेळवतं कोण?”

“तोही नवराच.”

“मग पिल्लाचं नंतर बघू. आधी नवऱ्याला आवरा.”

वेनलुंगने छताकडे पाहिले. बाई पुढे म्हणाल्या, “फार लवकर तोडलंत त्याला आईपासून. भावंडांशी कुस्ती खेळताना पिल्लू शिकतं, की जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ मोडतो. आईला दात लागला तर ती उठून चालू लागते. दूधही बंद, खेळही बंद. तुम्हीही तेच करा. दात कातडीला लागला, की ओरडू नका, हात झटकू नका, मारू तर मुळीच नका. उठा आणि निघून जा. थोड्या वेळाने परत या. त्याला दात येतायत, तो चावणारच. म्हणून जाड दोरी द्या, चघळायला हाड द्या. नीट वागला की शाबासकी द्या. आणि घरात एकाने जरी नियम मोडला, तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात. मुलीला सध्या त्याच्याजवळ एकटं सोडू नका.”

पहाटे आकाउची बोट गेली, होआ गेला नाही. पण वेनलुंग म्हणाला, “पुन्हा एकदा जरी झालं, तरी मी कुणाचं ऐकणार नाही.” आणि मी ओळखतो त्याला. एवढी एक गोष्ट त्याने मनापासून सांगितली होती.

शिकवणी सुरू झाली. ती पाहायला कंटाळवाणी होती, मित्रांनो. फोनवर टाकावे असे तिच्यात काही नव्हते. श्यूमेइ जमिनीवर बसायची, होआशी खेळायची. दात लागला, की निमूटपणे उठून आत जायची आणि दार ओढून घ्यायची. होआ दाराकडे बघत राहायचा. ती परत यायची, दोरी पुढे करायची. पुन्हा दात, पुन्हा दार. सुरुवातीला तो उलट जास्तच चावला. हात मिळत नाही म्हणून चिडला, तिच्या टाचेला धरले. वेनलुंग लांबून म्हणाला, “बघ, म्हटलं नव्हतं?” श्यूमेइने त्याच्याकडेही पाठ फिरवली. एका मेहनतीत दोन कामे.

हळूहळू दार कमी वाजू लागले. होआचा दात कातडीवर यायचा आणि तो स्वतःच दचकायचा, तोंड मागे घ्यायचा, दोरी शोधू लागायचा. आमा खुर्चीत बसून मुठीत सुक्या माशाचा तुकडा धरायची. तो चावायला आला, की मूठ घट्ट. नुसते नाक लावून थांबला, की मूठ उघडी. “हावरटाला काही नाही,” ती म्हणायची. “थांबणाऱ्याला सगळं.” पेइयुन टाके निघाले तरी लांबच बसायची. तिला कुणी जवळ ढकलले नाही. बऱ्याच दिवसांनी तिने आमाच्या शेजारी बसून आपलीही मूठ पुढे केली. होआने ती मूठ चाटली आणि समोर बसून राहिला. तिने बोटे उघडली. मासा गेला, हात राहिला. श्यूमेइने तोंड फिरवून डोळे पुसले.

आता उरला होता एकच विद्यार्थी.

एका संध्याकाळी मंडळी पुन्हा जमली. बिअर होती, शेंगदाणे होते. आकाउ म्हणाला, “काय रे, तुझा वाघ म्हणे शाकाहारी झाला?” सगळे खदखदा हसले. वेनलुंगचे कान लाल झाले. त्याने मला खिळ्यावरून ओढले.

“चल वाघा, दाखव यांना.”

होआचे डोळे लगेच बदलले. मी दिसलो, की त्याच्या अंगात जुने वारे शिरायचे. त्याने उडी मारून माझे बोट धरले.

श्यूमेइ मटार सोलत होती. तिने वाडगे खाली ठेवले, उठली आणि आत गेली. पेइयुनने वही मिटली आणि मागोमाग गेली. आमाला उठायला वेळ लागतो, तरी ती काठी टेकून उठली, आपला चहा घेतला आणि आत निघाली. होआने जाणारे पाय पाहिले. माझ्यावरची पकड सैल झाली. त्याने एकदा वेनलुंगकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग त्याने मला सोडले आणि आमाच्या मागे पळाला.

वेनलुंग हवेत मोजा धरून उभा राहिला.

“लेका,” आकाउ म्हणाला, “तुझ्या घरात चावणारा आता तू एकटाच उरलास.”

मित्र गेले तरी दार उघडले नाही. आतून भाताचा आणि माशाच्या कालवणाचा वास येत होता. वेनलुंगने दार वाजवले.

“मोजा काढलास की सांग,” आतून आमाचा आवाज आला, “मग वाढते.”

तो थोडा वेळ तसाच बसला, रुसलेला, माझ्यात हात घालून. त्याचा तळवा घामेजला होता. मग त्याने मला काढले आणि खिळ्यावर अडकवले. पुन्हा एकदा त्याने तसा प्रयत्न केला, पुन्हा तेच झाले. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. कुत्रा लवकर शिकला होता, हे मी सांगितले तर वेनलुंगला राग येईल. येऊ दे.

पुढच्या वाऱ्याच्या मोसमापर्यंत होआ भरदार झाला होता. खांदे रुंद, जबडा असा, की हाड कडकन फोडेल. त्या आठवड्यात समुद्र खवळला होता आणि मागुंगची बोट बंद होती. आकाउने आपली गळांची टोपली पुढच्या खोलीत आणून ठेवली होती, कारण त्याच्या घरी ती ठेवायला त्याची बायको परवानगी देत नाही. शहाणी बाई. एका गळावर माशाचा कुजका तुकडा तसाच राहिला होता. होआने तो तोंडात घेतला.

मी ऐकलेला तो आवाज पुन्हा ऐकायला नको. गळ त्याच्या गालात आतून रुतला होता, आणि मागची दोरी टोपलीतल्या इतर गळांना अडकलेली. तो जितका झटके देई, तितका गळ आत जाई. तोंडातून लाळ आणि रक्त. श्यूमेइने त्याच्या अंगावर पांघरूण टाकून त्याला धरले आणि ओरडली, “दोरी काप! आधी दोरी काप!” वेनलुंगने दोरी कापली. पेइयुनने फोन लावला.

“ओढू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गळाला उलटा काटा असतो. टोक पुढे ढकलून गालातून बाहेर काढा, काटा कापा, मग उरलेला भाग मागे घ्या. एकाने डोकं धरा. पण त्याला खूप दुखेल. आणि दुखणारा कुत्रा कुणाचा नसतो. बोट सुरू होईपर्यंत थांबता येईल का, बघा.”

थांबता येणार नव्हते. होआ पंजाने तोंड ओरबाडत होता. वेनलुंगने स्कूटरच्या हत्यारांतली पक्कड आणली.

“मोजा घाल, लेका!” आकाउ दारातून ओरडला. “बोटं जातील!”

वेनलुंगने मला ओढून हातात चढवले आणि होआसमोर बसला. मी समोर येताच तो कुत्रा ताठ झाला. ओठ वर गेले. मोजा म्हणजे लढाई, हे तो विसरला नव्हता. आणि खरे सांगतो, माझ्या जाड बोटांत तो बारीक गळ मावलाही नसता. माझी चिमूट नांगराची आहे.

वेनलुंग क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला काढून फेकले. मी फरशीवर उताणा पडलो.

त्याने उघडा हात पुढे केला, तळवा वर करून, आमा करते तसा. होआने तो हुंगला. “थांब रे,” वेनलुंग हळूच म्हणाला. एवढा हळू आवाज त्याच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हते. “थांब. मी आहे. थांब.” त्याने बोटे त्या रक्ताळलेल्या तोंडात घातली, गाल आतून धरला आणि गळ पुढे ढकलला.

होआ किंचाळला आणि त्याचा जबडा मिटला.

वेनलुंगचे मनगट त्या दातांमध्ये होते. दात कातडीवर टेकलेले मला फरशीवरून दिसत होते. जबड्याचे स्नायू थरथरत होते. कुत्र्याचे सगळे अंग दुखण्याने हलत होते, पण दात जिथे टेकले तिथेच थांबले. वेनलुंगने हात ओढला नाही, झटकला नाही. मग दातच हळूहळू वर उठले. दुसऱ्या हातातल्या पक्कडीचा कट असा आवाज झाला. काटा फरशीवर पडला आणि उरलेला गळ मागे निघून आला.

वेनलुंगच्या मनगटावर चार खळगे पडले होते. कातडी कुठेही फुटली नव्हती. तो ते खळगे बघत बसला, आणि मग कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देऊन रडला. आकाउ दारातून निघून गेला. या एका प्रसंगी त्याला काय करावे ते कळले.

मित्रांनो, गोष्ट ऐकून तुम्ही आता होआला शाबासकी द्याल. द्या, त्याची ती आहे. पण जो जीव बोलू शकत नाही, त्याच्याकडे जगाशी व्यवहार करायला एक तोंडच असते. तुम्ही त्याला दाताने भांडायला शिकवाल तर तो भांडेल, थांबायला शिकवाल तर मरणाच्या दुखण्यातही थांबेल. त्याला चिडवून हसणे, मग चावला म्हणून मारणे आणि शेवटी टाकून देणे हे भ्याडांचे काम आहे, मग ते कितीही मोठ्या आवाजात का केलेले असेना. तुमच्या घरी पिल्लू आले, तर आधी स्वतःचे हात सुधारा. दात मागून येतात.

त्या दिवशी आमाने मला फरशीवरून उचलले, ओल्या फडक्याने पुसले आणि खिळ्यावर न लावता मागच्या अंगणात नेले. तिथे मोठ्या लोखंडी कढईत ती शेंगदाणे भाजते. तापलेली कढई उतरवायला तिला आता मीच लागतो. आग पुन्हा माझ्या पाठीशी आली आहे आणि आतला हात शाबूत आहे, म्हातारा, सुरकुतलेला आणि अक्कल असलेला.

परवा आकाउ आला. त्याच्या जॅकेटमधून एक तांबूस नाक बाहेर डोकावत होते.

“आमा, तो जुना मोजा द्या ना थोडे दिवस. पिल्लाला जरा खेळवतो.”

आमाने मला कढईच्या कानावरून हलवलेसुद्धा नाही.

“मिळणार नाही,” ती म्हणाली. “तो कामावर आहे. आणि तू आधी जा, ते पिल्लू त्याच्या आईपाशी सोडून ये.”